एएसआर-१० सॅम्पलरची फ्लॉपी ड्राइव्ह बदलायची आहे. गोटेक बसवू की स्कझी?

काळी_पाच (देवगड)

नमस्कार मंडळी. घरात एन्सॉनिकचा एएसआर-१० आहे, म्हणजे आपण भरलेले आवाज पट्ट्यांवर वाजवणारा सॅम्पलर. बिनपट्ट्यांची रॅक नव्हे, ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड. त्याची फ्लॉपी ड्राइव्ह आता साथ देईनाशी झालीय, आणि तिच्या जागी काय बसवावं याचा नीट सल्ला हवाय. थोडं सविस्तर लिहिते, कारण प्रश्न नुसता 'कोणता पार्ट मागवू' एवढाच नाही.

मशीन माझ्या काकांचं. वाडीच्या भजनात पेटीवर तेच आणि लग्नसराईत, शिमग्यात ऑर्केस्ट्राच्या कीबोर्डवरही तेच. १९९६ साली मुंबईतला एक स्टुडिओ बंद होत होता. तिथून त्यांनी हे जुनं मशीन उचललं आणि रातराणीने देवगडला आणलं. त्या वेळी आमच्याकडे सगळे कीबोर्डातल्या तयार टोनवर वाजवायचे. काकांना ते पटत नसे. डबलबारीला, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याला, समोर खरा पखवाज घुमत असताना आपण डब्यातला तबला लावायचा, हे त्यांना अपमानासारखं वाटायचं. म्हणून त्यांनी आमच्या मंडळाच्या पखवाजाचा एकेक बोल माईक लावून मशीनमध्ये भरला. धा, ता, तिट, कत, सगळे सुटे. डाव्या पुडीवरची कणीक ओली असताना एकदा आणि ती वाळत आल्यावर पुन्हा एकदा. दोन्हींच्या फ्लॉप्या वेगळ्या, आणि लेबलावर त्यांच्या अक्षरात 'कणीक ओली', 'कणीक सुकली, पहाट' असं लिहिलेलं. शिवाय चकी, झांज आणि दशावतारातल्या पायपेटीचे सूर. तो पखवाज वाजवणारे आजोबा आता नाहीत. काकाही गेले. पेटी मी त्यांच्याचकडे शिकले, त्यामुळे मशीन माझ्याकडे आलं.

आता अडचण. चालू केल्यावर मशीन फ्लॉपीवरून ओएस, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, घेतं. ती कधी एका दमात उचलते, कधी ड्राइव्ह नुसती करकरत राहते आणि पडद्यावर एरर येते. ओएसच्या दोन प्रती आहेत, त्यातली एक गेलीच म्हणायची. बाकीच्या फ्लॉप्या शंभरेक असतील, पत्र्याच्या दोन डब्यांत. काहींचं शटर सरकवलं तर आतल्या काळ्या चकतीवर पांढुरके ठिपके दिसतात.

तालुक्याला एका दुरुस्तीवाल्याला दाखवलं. त्याने झाकणही न उघडता 'भंगारात द्या, नवीन घ्या' म्हणून सांगितलं. मला ते मान्य नाही. नेटवर वाचलं की फ्लॉपीच्या जागी गोटेक नावाचा डबा बसतो आणि पेनड्राइव्ह चालतो. कुणी म्हणतं स्कझी कार्ड लावा, म्हणजे मागून बाहेरची डिस्क जोडता येते. दोन्हींतलं काय घेऊ? आणि या फ्लॉप्यांमधलं पेनड्राइव्हवर कसं न्यायचं? यूएसबीची बाहेरून लावायची फ्लॉपी ड्राइव्ह मागवली होती, लॅपटॉप म्हणतो डिस्क फॉरमॅट केलेली नाही, फॉरमॅट करू का. मी 'नको' दाबलं.

गणपतीच्या आधी मशीन उभं करायचं मनात आहे.

लूपवाला (पनवेल)

ताई, ३० वर्षांच्या मशीनवर पैसे घालण्यापेक्षा लॅपटॉप, एक साधा मिडी कीबोर्ड आणि सॉफ्टवेअर सॅम्पलर घ्या. पखवाज पुन्हा कुणाकडून तरी रेकॉर्ड करून घेता येईल. मी गेली काही वर्षं तसंच वाजवतोय, फ्लॉपीची कटकटच नाही.

खाडीकाठचा_सोल्डर (रत्नागिरी)

ताई, लॅपटॉपने 'फॉरमॅट करू का' विचारल्यावर तुम्ही नको म्हणालात, ते फार चांगलं केलंत. हो दाबलं असतंत तर काकांची ती डिस्क गेली असती. आता मी जे सांगतो त्यातलं पहिलं एवढंच: ड्राइव्हला अजून हात लावू नका आणि फ्लॉप्या एकामागून एक घालून कोणती चालते, कोणती नाही हे बघणं आजपासून बंद.

ते पांढुरके ठिपके म्हणजे बुरशी. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, वर खारी हवा. पत्र्याचा डबा बंद असला तरी दमट हवा आतच कोंडलेली राहते. बुरशी आलेली डिस्क ड्राइव्हमध्ये गेली की हेड तिच्यावरून घासत जातं. चकतीवरचा चुंबकी लेप खरवडला जातो आणि तीच घाण हेडला चिकटून पुढच्या चांगल्या डिस्कवर जाते. एका आजारी फ्लॉपीने अख्खा डबा बाद झालेला मी पाहिलाय. माझं आयुष्य मंडळांचे अँप्लिफायर, मिक्सर आणि कीबोर्ड उघडण्यात गेलं, म्हणून कळकळीने सांगतोय. ड्राइव्ह काय, आज ना उद्या मिळेल. तो पखवाज कुठल्या दुकानात मिळणार?

लूपवालांना म्हणायचंय ते समजतं, पण 'पुन्हा रेकॉर्ड करून घेता येईल' हे इथे लागू नाही. वाजवणारा माणूसच उरलेला नाही. आणि या कीबोर्डला प्रत्येक पट्टीवरचा दाब वेगवेगळा कळतो. एका बोटाने जोर दिला तर तेवढाच सूर फुलतो, बाकीचे जिथल्या तिथे. साध्या मिडी कीबोर्डला हे जमत नाही. काकांनी पायपेटी भरताना त्याचा उपयोग केला असणार. मशीन उभं राहिलं की एक पट्टी दाबून धरा आणि बघा.

आता लॅपटॉपला डिस्क का वाचता आली नाही ते सांगतो. पीसीची १.४४ एमबीची फ्लॉपी म्हणजे ८० ट्रॅक (चकतीवरची वर्तुळं), दोन बाजू आणि प्रत्येक ट्रॅकवर १८ सेक्टर (वर्तुळाचे तुकडे). एन्सॉनिकने त्याच चकतीवर २० सेक्टर बसवले. ८० गुणिले २ गुणिले २०, म्हणजे ३२०० सेक्टर, प्रत्येकी ५१२ बाइटचा. १६०० केबी. जुन्या डबल डेन्सिटी फ्लॉपीवर १० सेक्टर, ८०० केबी. वर फाइलींची मांडणीही त्यांची स्वतःची. यूएसबीवाल्या फ्लॉपी ड्राइव्हच्या आतल्या चिपला पीसीचेच ठरावीक साचे ठाऊक असतात, म्हणून ती या डिस्कला कोरी समजते. डिस्क खराब आहे असा याचा अर्थ मुळीच नाही.

यावर उपाय म्हणजे ग्रीझवीझल नावाचं छोटं बोर्ड. एका बाजूला यूएसबी, दुसऱ्या बाजूला पीसीच्या जुन्या फ्लॉपी ड्राइव्हची ३४ पिनची केबल. हे बोर्ड सेक्टर वगैरे काही गृहीत धरत नाही, चकतीवरचे चुंबकी बदल जसेच्या तसे उचलतं. नंतर संगणकावरचं सॉफ्टवेअर त्यातून सेक्टर काढतं. त्यात एन्सॉनिक १६०० आणि एन्सॉनिक ८०० असे दोन्ही फॉरमॅट तयार दिलेले आहेत. वाचून झालं की शेवटी किती सेक्टर मिळाले ते दाखवतं. ३२०० पैकी ३२०० आले की ती फ्लॉपी वाचली. मी प्रत्येक डिस्कच्या दोन फाइली ठेवायला सांगेन: एक साधी इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाइलीतली नक्कल, आणि एक कच्च्या सिग्नलची. एखाद्या डिस्कचे दहा-वीस सेक्टर आज नाही निघाले, तरी कच्ची फाइल हातात असली की पुढेमागे पुन्हा प्रयत्न करता येतो, डिस्कला परत त्रास न देता.

काम या क्रमाने करा. प्रत्येक फ्लॉपीच्या कोपऱ्यातली खिडकी उघडी करा. खिडकी उघडी म्हणजे लिहिणं बंद. मग लेबलाचा फोटो आणि त्याच क्रमांकाने फाइलचं नाव. हे टाळू नका. दमट हवेत लेबलं गळून डब्याच्या तळाशी पडतात आणि मग कुठलं कुणाचं ते कळत नाही. आधी स्वच्छ दिसणाऱ्या डिस्का, मग संशयित, बुरशीवाल्या सर्वांत शेवटी. दर पाच-सहा डिस्कनंतर ड्राइव्हचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, ९९ टक्केवालं घ्या. कापूस नको, धागे राहतात.

बुरशीवाली डिस्क धुता येते. पातळ सुरीने शटर काढा, स्प्रिंग उडेल ती जपून ठेवा. मग प्लॅस्टिकचं कवच कडेने हळूहळू उकला. आतली चकती मधल्या धातूच्या गोलाला धरून उचलायची, काळ्या भागाला बोट लावायचं नाही. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब, त्यात मऊ हाताने दोन्ही बाजू धुवायच्या, स्वच्छ डिस्टिल्ड वॉटरने विसळायच्या आणि सावलीत पंख्याखाली पूर्ण सुकू द्यायच्या. उन्हात नाही. नंतर ती चकती निकामी फ्लॉपीच्या स्वच्छ कवचात बसवून वाचायची. जुन्या कवचात परत घालू नका, आतल्या अस्तरातही बुरशी असते.

हे सगळं झाल्याशिवाय गोटेक की स्कझी हा प्रश्नच येत नाही. पण विचारलंत म्हणून सांगतो. मशीनच्या मागे २५ पिनचं सॉकेट आहे का बघा. एएसआर-१० च्या रॅकमध्ये स्कझी आधीपासून असायची, कीबोर्डला मात्र एसपी-३ नावाचं कार्ड वेगळं घ्यावं लागे. ते असेल तर सोन्याहून पिवळं. फ्लॉपी ड्राइव्ह जागेवर राहू देत, मागे स्कझी लावायची. फ्लॉपीवरून वाद्य मेमरीत घ्यायचं, 'चेंज स्टोरेज डिव्हाइस' करून स्कझीवर ठेवायचं. मशीन स्वतःच नकला करतं.

नसेल तर गोटेक. मात्र गोटेक जसा येतो तसा इथे चालत नाही, त्यात फ्लॅशफ्लॉपी हे फर्मवेअर (डब्याच्या आतलं सॉफ्टवेअर) भरावं लागतं आणि पेनड्राइव्हवरच्या सेटिंगच्या फाइलीत होस्ट म्हणून एन्सॉनिक लिहावं लागतं. पेनड्राइव्ह फॅट-३२. साध्या इमेज फाइली तशाच चालतात. आणि गोटेकने लोडिंगचा वेग वाढेल अशी आशा धरू नका. मशीनच्या लेखी ती फ्लॉपीच, त्याच गतीने फिरणारी. पूर्ण डिस्क यायला अर्धा मिनिट तरी जाणारच. फायदा असा की ती कधी करकरत नाही आणि बुरशी धरत नाही.

काळी_पाच (देवगड)

सोल्डरकाका, मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद छापून ठेवलाय.

मागे पाहिलं. २५ पिनचं सॉकेट नाही, त्या जागी नुसती पत्र्याची पट्टी आहे. म्हणजे एसपी-३ नाही. ते कार्ड वेगळं कुठे मिळतं का?

आणखी एक. मशीन पालथं केलं तर एका जॅकच्या भोकातून सुकलेली माती पडली. कुंभारीण माशीने घर केलं होतं. आत अजून काही असेल का? उघडायला भीती वाटते.

डांबरगोळ्या मात्र डब्यात होत्या. काकांनीच टाकल्या असतील, बुरशी लागू नये म्हणून. त्या राहू देऊ?

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

माझ्याकडे हेच मशीन आहे, एसपी-३ सकट, म्हणून स्कझीबद्दल दोन शब्द. एसपी-३ सुटं क्वचितच दिसतं. एन्सॉनिक ही पेनसिल्व्हेनियातली कंपनी, १९९८ मध्ये क्रिएटिव्हने ती विकत घेतली. तेव्हापासून अधिकृत सुटे भाग मिळण्याचा विषयच संपला. बंद पडलेल्या दुसऱ्या मशीनमधून काढलेलं मिळालं तरच. त्याच्यासाठी थांबू नका.

पुढेमागे मिळालंच तर स्कझी डिस्कच्या जागी चालणारं ब्लूएससीएसआयचं बोर्ड घ्या, २५ पिनच्या सॉकेटचं तयार मिळतं. एसडी कार्डावर इमेज फाइल ठेवायची. तिच्या नावातच स्कझीचा आयडी असतो: 'एचडी' नंतरचा पहिला आकडा. मशीनचा स्वतःचा आणि इमेजचा आयडी एक होऊ द्यायचा नाही. माझ्या मशीनकडून बोर्डाला पुरेशी वीज मिळत नव्हती, म्हणून मी मोबाइलच्या चार्जरवरून यूएसबीने वेगळी दिली. चालू मशीनला स्कझीची केबल लावायची किंवा काढायची नाही. आणि ते २५ पिनचं सॉकेट जुन्या पीसीच्या प्रिंटर पोर्टसारखंच दिसतं, तिथे कधीही जोडू नका, दोन्हीकडचं जळायची भीती.

पण मी लिहायला बसले ते वेगळ्याच कारणासाठी. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी आमच्या घरात शिरलं. मशीन माळ्यावर होतं म्हणून राहिलं. खालच्या कपाटातल्या फ्लॉप्या, कॅसेट, वह्या, सगळं चिखलात. त्या फ्लॉप्यांच्या इमेज मी आधी काढल्या होत्या. हार्ड डिस्क पुण्याला भावाकडे होती, म्हणून आज माझ्याकडे माझे आवाज आहेत. ताई, काकांच्या फाइली निघाल्या की त्याच दिवशी एक प्रत देवगडच्या बाहेर पाठवा. मुंबईला, कोल्हापूरला, कुणाही विश्वासाच्या माणसाकडे. सगळं मिळून किती होणार? शंभर फ्लॉप्या म्हणजे १६० एमबी. साध्या मेलमध्ये तुकड्या-तुकड्याने मावेल.

खाडीकाठचा_सोल्डर (रत्नागिरी)

वाशिष्ठीकाठ यांनी लिहिलंय ते अगदी खरं. इमेज काढल्या आणि त्या त्याच घरात, त्याच कपाटात ठेवल्या तर अर्धंच काम झालं.

ताई, डांबरगोळ्या आजच काढा. कपड्यांना ठीक, पण त्यांच्या वाफेने काही जातीचं प्लॅस्टिक मऊ पडतं, चिकट होतं. त्याऐवजी सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. रंग बदलणारं जेल मिळतं. ओल पिऊन रंग पालटला की तव्यावर मंद आचेवर तापवायचं, परत कोरडं.

मशीन उघडायचं म्हणाल तर घाबरू नका, पण घाईही नको. प्लग काढून निदान एक रात्र जाऊ द्या. पॉवर सप्लायचे मोठे कपॅसिटर उशिरापर्यंत वीज धरून राहतात, त्या भागाला हातच लावायचा नाही. आत पालीची अंडी, मुंगळ्यांची माती, झुरळांची घाण, काहीही मिळेल. कोकणातला कीबोर्ड उघडून आत काहीच निघालं नाही असं माझ्या आठवणीत नाही. कोरड्या मऊ ब्रशने झाडायचं आणि बाहेरच्या दिशेने फुंकर मारायची. पाण्याचा फडका नको. जॅकमधली माती टूथपिकने कोरडीच सुटते, धातूची सुई घालू नका, आतली पट्टी वाकते. पाल आत शिरते ती मागच्या रिकाम्या फटींतून. तुमच्या मागच्या पट्टीच्या कडेला फट असेल तर बारीक जाळी चिकटवा.

झाकण उघडलंत की फ्लॉपीची रिबन केबल कशी लागलीय त्याचा फोटो काढा. केबलची एक कड रंगीत असते, ती एक नंबरची पिन. गोटेक बसवताना तीच कड त्याच्या एक नंबरकडे. उलटी लागली तर काही जळत नाही सहसा, पण गोटेकचा दिवा सुरुवातीपासून सारखा पेटलेला राहतो आणि मशीनला ड्राइव्ह सापडत नाही. तसं दिसलं की आधी केबलच तपासायची.

आणि जुनी ड्राइव्ह फेकू नका. स्वच्छ करून, पिशवीत सिलिका जेल घालून ठेवा. सोनीने जपानमध्येही फ्लॉपी विकणं २०११ मध्ये थांबवलं. असं काही आता नव्याने येत नाही. तुमच्या ड्राइव्हचा दोष बहुधा नुसत्या घाण झालेल्या हेडचा असेल, मोटरचा नसेलही.

पाचव्यो_गजाली (मालवण)

ताई, मी पखवाज वाजवतंय. 'कणीक सुकली, पहाट' ह्या वाचून अंगार काटो इलो. बारी रात्रभर चलता, पहाटेक कणीक वाळता आणि डाव्या पुडीचो आवाज वर चढता. मग आमी परत पाण्याचो हात लावतो. तो मधलो आवाज कोणी मुद्दाम भरून ठेवल्यान असा माका तरी ठावक नाय. ह्यो फ्लॉप्यो वाचवाच.

माझ्याकडे जुन्या पीसीची फ्लॉपी ड्राइव्ह आसा, चालू. देवगडाक एसटीने पाठवून देतंय. पैसे नको.

काळी_पाच (देवगड)

सगळ्यांचे आभार कसे मानू. मालवणहून ड्राइव्ह आली, ग्रीझवीझल मागवलं, गोटेकही आलाय. पाऊस सुरू झालाय आणि लाईट दिवसातून कितीदा तरी जाते, म्हणून लॅपटॉप आणि ड्राइव्ह इन्व्हर्टरवर घेऊन बसते.

कुठवर आलंय ते सांगते. सगळ्यात आधी ओएसची चांगली डिस्क वाचली. पडद्यावर ओळींमागून ओळी टिंबं उमटत गेली. चांगल्या सेक्टरला टिंब, न मिळालेल्याला फुली. शेवटची ओळ आली, ३२०० पैकी ३२००. आवृत्ती ३.५३ आहे. ती प्रत त्याच संध्याकाळी पुण्याच्या मावशीला आणि मुंबईच्या मैत्रिणीला पाठवली.

स्वच्छ फ्लॉप्यांतल्या बहुतेक पहिल्या फेरीतच निघाल्या. काहींत एक-दोन फुल्या होत्या, हेड पुसून परत वाचल्यावर त्या भरून आल्या. एक गोष्ट इतरांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते. काही फ्लॉप्यांवर 'एचडी' (जास्त क्षमतेची) छापलेलं आहे पण काकांनी त्या ८०० केबीच्या पद्धतीने भरल्या आहेत, दुसऱ्या बाजूच्या भोकावर चिकटपट्टी लावून. १६०० चा फॉरमॅट देऊन वाचलं तर एकही सेक्टर मिळत नव्हता. ८०० दिला तेव्हा मिळाले, पण फुल्या जास्त. आत काय आहे ते बघितलं तर सगळ्यात जुने आवाज, चकीचे आणि झांजेचे. काका तेव्हा बहुधा दुसऱ्या कुणाच्या जुन्या ईपीएसवर भरून आणत असतील, कारण ते मशीन ८०० चीच डिस्क घेतं.

बुरशीवाल्या फ्लॉप्या धुतल्या. 'कणीक ओली'ची चकती उचलली तेव्हा तिच्यावर जिना चढावा तशी गोल गोल पांढरी रांग होती, हेड जिथे जिथे थांबलं असेल तिथे. साबणाच्या पाण्यात बोटाच्या मऊ भागाने, धातूचा गोल धरून, हळूहळू फिरवली. रांग विरघळली, खाली थोडा खरवडलेला पट्टा राहिला. वाचली तर १४ फुल्या. पुन्हा वाचली, १४ च. कच्ची फाइल ठेवली आहे. त्या १४ सेक्टरांत कुठला आवाज आहे हे कसं कळेल? आणि 'कणीक सुकली, पहाट'ची चकती अजून पंख्याखाली आहे, उद्या वाचणार.

गोटेकमध्ये फर्मवेअर भरून झालं, होस्ट एन्सॉनिक लिहिलं. पण मशीनला जोडल्यावर ते ओएसची डिस्क मागतच राहतं, गोटेकच्या पडद्यावर ट्रॅकचा आकडा हलत नाही. केबल बरोबर आहे, दिवा सारखा पेटलेला नाही.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

टिंबांचं वाचून फार बरं वाटलं. ८०० वाल्या फ्लॉप्यांबद्दल: चिकटपट्टी काढून वाचून बघा आणि लावूनही वाचून बघा. काही ड्राइव्ह त्या भोकावरून वाचण्याची पद्धत बदलतात. दोन्हींतल्या कच्च्या फाइली ठेवा, एकात नसलेला सेक्टर दुसऱ्यात मिळू शकतो.

खाडीकाठचा_सोल्डर (रत्नागिरी)

ताई, गोटेकचं आधी. ट्रॅकचा आकडा हलत नाही याचा अर्थ मशीन त्याला हाक मारतंय पण तो आपली हाक म्हणून ओळखत नाहीये. गोटेकच्या मागे एस-झिरो, एस-वन असे जम्पर (दोन पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्या) असतात. आता ज्यावर आहे त्यावरून काढून दुसऱ्यावर लावा. तरीही नाही झालं तर सेटिंगच्या फाइलीत इंटरफेस बदलून बघा, आयबीएम पीसी असेल तर शुगार्ट. ३४ नंबरच्या पिनवर काही मशीनना 'डिस्क बदलली' असा इशारा लागतो, काहींना 'तयार आहे' असा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक वेळी मशीन बंद करून. चालू होताना पट्ट्यांना हात लावू नका, त्या वेळी ते पट्ट्यांचा दाब जुळवून घेत असतं.

त्या १४ सेक्टरांचं. इमेज आधी गोटेकवरून मशीनमध्ये लोड करून बघा. डिस्कच्या यादीचा भाग शाबूत असेल तर वाद्यांची नावं दिसतील. मग एकेक बोल वाजवा. जिथे सेक्टर गेलाय तिथे आवाजात टकटक किंवा मध्येच शांतता येईल. ५१२ बाइट म्हणजे १६ बिटांचे २५६ आकडे, ४४.१ किलोहर्ट्झला सहा मिलिसेकंदही भरत नाहीत. धाच्या घुमाऱ्याच्या शेपटीत असेल तर कानाला कळणारही नाही. थापेच्या सुरुवातीला असेल तर कळेल, पण मग त्याच बोलाची दुसरी थाप काकांनी शेजारी भरून ठेवली आहे का बघा. एवढं बारकाईने करणाऱ्या माणसाने एकाच थापेवर भागवलं नसणार.

इमेजची मूळ फाइल दुरुस्त करू नका. दुरुस्ती नेहमी प्रतीवर.

आणि मशीनची मेमरी किती आहे ते सिस्टीमच्या पानावर बघून सांगा. मुळात २ एमबी यायची, १६ पर्यंत वाढते. २ च असेल तर पूर्ण भरलेली दुसरी डिस्क पहिलीसोबत मावायची नाही, मग ओली आणि सुकली कणीक एकदम लोड होणार नाही. त्यासाठी ३० पिनच्या सिम (मेमरीची छोटी कार्डं) लागतील. त्या माझ्याकडच्या जुन्या बोर्डांवर आहेत, तपासून ठेवतो.

काळी_पाच (देवगड)

जम्पर बदलला, ओएस उचलली! मेमरी १० एमबी दाखवतेय, म्हणजे काकांनी कधीतरी वाढवली होती.

यादी आली. 'कणीक ओली'त प्रत्येक बोलाच्या तीन-तीन थापा आहेत: हलकी, मध्यम, जोराची. टकटक फक्त मध्यम धामध्ये ऐकू येते, बाकी सगळं स्वच्छ. मालवणच्या दादांनी तो धा ऐकून सांगावं की हलकीवरून मध्यम बनवली तर चालेल का, की जोराची खाली आणावी. फाइल इथेच जोडतेय.

पाचव्यो_गजाली (मालवण)

ऐकलंय. जोराची खाली आणा. हलक्या थापेत पंजो पुरो पडत नाय, ती वर आणलास तर पोकळ लागात. आणि धाचो घुमारो कापू नका, तो पूर्ण रवांदे.